पावसाळाभर जमिनीवर ठेवलेली राहती शिडाची बोट पुन्हा समुद्रात नेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर ते मे आम्ही दोघं बोटीवर राहतो आणि पावसाळ्यात बेळगावच्या घरी असतो. बोट छत्तीस फुटी, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. पावसाळ्यात ती गोव्यात जुवारीच्या काठावर लोखंडी टेकूंवर उभी असते. मी जन्मभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलं, त्यामुळे खालच्या उत्तरांत धातू, बुश आणि ग्लँड जरा जास्त येतील. आमच्या भागातून बोटीकडे वळलेल्या लोकांनी फोनवर आणि घरी येऊन जे विचारलं, ते इथे एका जागी लिहिलं आहे.

आपण घाटावरची माणसं. बोटीचं काम आपल्याला जमेल का?

जमेल, आणि चांगलं जमेल. ज्या नदीच्या नावावरून नौदलाच्या ‘म्हादई’ बोटीचं नाव ठेवलं, ती म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. ती बोट गोव्यातच दिवाडी बेटावर बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता केली. समुद्र आपल्यापासून चोर्ला घाटाएवढाच लांब आहे.

शिवाय बोटीवरची निम्मी दुखणी पंप, झडपा, बेअरिंग आणि वायरिंगची असतात. ज्या गावात फाउंड्री आणि मशीन शॉप गल्लोगल्ली आहेत, तिथल्या माणसाला त्यांची भीती वाटायचं कारण नाही. शिकावं लागतं ते एवढंच की खारं पाणी गोड्या पाण्यासारखं वागत नाही. कारखान्यात चालणाऱ्या काही सवयी बोटीवर घातक ठरतात. त्या कोणत्या, हे पुढे जागोजागी येईल.

बोट पाण्यात कधी उतरवायची?

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ वाहतात. पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. हे पाहून बऱ्याच जणांना वाटतं की ऑगस्टमध्ये आपणही निघावं. तसं करू नका. ट्रॉलरवर पिढ्यान्‌पिढ्यांचे जाणते हात असतात. आपल्या शिडाच्या बोटीला सप्टेंबरअखेरपर्यंत नदीच्या मुखावर मोठी लाट मिळते. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध पावसाळ्यात वाहतुकीला बंद असतो, तो उगाच नाही.

आमचा रिवाज असा की खंडेनवमीला हत्यारांची पूजा बोटीवर करायची, पाना-पक्कड पुसून ठेवायची आणि दसऱ्यानंतर उतरवायचा विचार सुरू करायचा. दिवाळीतली तारीख मात्र कोणाला पक्की सांगू नका. २०१९ ची दिवाळी आठवा. ‘क्यार’ चक्रीवादळ तेव्हा अरबी समुद्रात होतं आणि गोव्यात नाफ्त्यानं भरलेलं एक जहाज वाहत जाऊन दोना पावलाजवळच्या खडकांना लागलं होतं. पाहुण्यांना बोलावून ठेवलं की माणूस अर्धवट तयार बोट पाण्यात ढकलतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात या घाईतून झाले.

काम किती दिवसांचं?

दोन माणसं रोज लागली तर तीन आठवडे धरा. शनिवार-रविवारी घाट उतरून येणार असाल तर दोन महिने. उन्हाचा विचारही करा. ऑक्टोबरच्या दुपारी बंद बोटीच्या आत काम होत नाही. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर, एवढाच वेळ हाती असतो.

पहिल्या दिवशी यार्डात, म्हणजे बोट ठेवली आहे त्या जागी, गेल्यावर आधी काय बघायचं?

शिडी लावण्याआधी बोटीभोवती एक फेरी मारा. टेकू जमिनीत खचलेत का, समोरासमोरच्या टेकूंना जोडणारी साखळी आहे का, ताडपत्रीची दोरी कोणी टेकूला बांधली आहे का, ते पाहा. शेवटची गोष्ट आढळली तर आधी ती सोडा. वाऱ्यानं ताडपत्री फुगली तर टेकू ओढला जाऊन बोट आडवी होऊ शकते.

मग आत जाऊन तळाशी पाणी साचलंय का बघा. कोकणपट्टीत एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोलकाठीच्या बुडातून, एखाद्या ढिल्या खिडकीतून तो आत येतोच. जमिनीवरच्या बोटीत आतून पाणी भरून इंजिन बुडाल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून तळाला निचऱ्याचं बूच असेल तर ते जूनमध्ये काढून, चाव्यांच्याच जुडग्यात बांधून ठेवावं. उतरवताना ते विसरणं शक्य होत नाही.

आणि एक लहान जीव: कुंभारीण माशी. ही मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी डिझेलच्या टाकीची हवा खेळण्याची नळी, गॅसपेटीचा निचरा, बिल्ज (बोटीच्या तळाची पोकळी) उपसणाऱ्या पंपाचं तोंड, जे सापडेल ते बुजवते. आमच्या दुसऱ्या वर्षी इंजिन जागेवर अर्धा तास उत्तम चाललं आणि नदीच्या मुखाशी, नेमकं ओहोटीच्या पाण्यात, बंद पडलं. टाकीत हवाच जात नव्हती, डिझेल येणार कुठून? शिडं तयार होती म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक नळीत फुंकर मारल्याशिवाय आम्ही पुढचं काम हाती घेत नाही. जूनमध्ये नळ्यांच्या तोंडांना बारीक जाळी बांधली तर हा त्रास मुळातच टळतो.

तळातल्या झडपा कशा तपासायच्या? बेळगावात नवीन करून मिळतील का?

सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्या. पाण्याखालच्या प्रत्येक भोकावर एक झडप असते. तिला सगळे सीकॉकच म्हणतात. इंजिनचं थंड पाणी, संडास, मोरी, असे आमच्या बोटीवर सात आहेत. पाऊण इंची भोक पाण्याखाली दोन फूट असेल आणि नळी निसटली, तर तासाभरात टनांनी पाणी आत येतं.

प्रत्येक झडप पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. अडकली तर पाइप लावून जोर करू नका, खोलून साफ करा आणि ग्रीस भरा. नंतर चाकूच्या टोकानं धातू थोडा खरवडा. पिवळसर चमक आली तर बरं. गुलाबी, तांब्यासारखा रंग दिसला तर ती झडप संपली समजा. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि हातोडीच्या एका टिचकीनं फुटतो.

हीच आपल्याकडची चूक. नळाच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह घरी वीस वर्षं टिकतो, म्हणून लोक तोच बोटीला लावतात. पाण्याच्या रेषेखाली तो लावू नका. तिथे ब्राँझ किंवा गनमेटलच हवं, नाहीतर जस्त निघून न जाणारं खास मिश्रधातूचं पितळ. आपल्याकडे गनमेटलचं कास्टिंग करून मिळतं आणि मीही करून घेतलं आहे, पण कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात. दाबाखाली तपासल्याशिवाय ते बोटीला बसवू नये. झडप तयार घ्या आणि बुश, वॉशर, पट्ट्या बेळगावात करून घ्या, असं माझं मत आहे.

नळीला प्रत्येक टोकाशी जागा असेल तर दोन क्लिप लावा, त्यांचे स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे आहेत का ते चुंबकानं बघा. आणि प्रत्येक झडपेला मऊ लाकडाची निमुळती खुंटी सुतळीनं बांधून ठेवा. झडप तुटली तर अंधारात हात घातल्यावर ती सापडली पाहिजे.

झिंकचे तुकडे किती झिजल्यावर बदलायचे?

हे तुकडे बोटीच्या पाण्याखालच्या धातूऐवजी स्वतः झिजतात, त्यासाठीच ते लावलेले असतात. निम्मे झिजले की बदला. आमच्यासारखे नदीच्या मुखात, निमखाऱ्या पाण्यात बराच काळ नांगरून राहणार असाल तर ॲल्युमिनियमचे बरे, कारण तशा पाण्यात झिंकवर थर बसून ते काम करेनासं होतं. पूर्ण समुद्रात झिंक चालतं. त्यांना रंग लावू नका. रंगाऱ्याला हे तोंडी सांगून भागत नाही, वर कागद चिकटवून ठेवा.

तळाचा रंग दरवर्षी लावायलाच हवा का?

आपल्या कोमट पाण्यात हवाच. न लावता उतरवलेल्या तळाला काही आठवड्यांत शेवाळ आणि कवचाचे किडे चिकटतात आणि बोट जड होते. जुना रंग धूळ न उडवता, ओल्या कागदानं घासा. त्यात तांबं असतं, म्हणून तोंडाला चांगला मास्क हवा. टेकूंच्या खालचे ठिपके राहतात. त्यासाठी टेकू स्वतः हलवू नका, यार्डाच्या माणसाकडून एकावेळी एकच हलवून घ्या. डब्यावर रंग लावल्यापासून पाण्यात उतरवण्यापर्यंतची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मुदत दिलेली असते. ती वाचूनच शेवटचा हात द्या.

शाफ्टच्या ग्लँडमध्ये आपल्या पंपाची ग्राफाइट दोरी चालेल का?

पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी दोरी भरलेली जागा म्हणजे ग्लँड. हा प्रश्न मला उद्यमबागेतल्या जवळजवळ प्रत्येक मित्रानं विचारला. नाही. गोड्या पाण्याच्या पंपात ग्राफाइट उत्तम, पण खाऱ्या पाण्यात ग्राफाइट आणि स्टेनलेस शाफ्ट मिळून बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि शाफ्टला खड्डे पडतात. टेफ्लॉन भरलेली, बोटीसाठीची दोरी घ्या.

भरण्याची पद्धत आपलीच: दोरीची कडी तिरकी कापायची, प्रत्येकीचा सांधा आधीच्यापासून एक-तृतीयांश फेरा फिरवून बसवायचा. आवळताना हात आखडता घ्या. शाफ्ट फिरताना मिनिटाला चार-सहा थेंब गळले पाहिजेत आणि ग्लँड हाताला गरम लागता कामा नये. कारखान्यात गळणं म्हणजे दोष, इथे ते थेंबच शाफ्टला थंड ठेवतात. तुमच्याकडे न गळणारं रबरी सील असेल तर उतरवल्याबरोबर त्याचा बेलो (रबरी भाता) दाबून अडकलेली हवा बाहेर काढा. पाणी येईपर्यंत इंजिन गिअरमध्ये टाकू नका.

पंखा (प्रोपेलर) धरून शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. पाण्याखालच्या रबरी बेअरिंगमध्ये ठळक खडखड जाणवली तर ते आताच बदला. बोट पाण्यात गेल्यावर त्यासाठी पुन्हा क्रेनचे पैसे पडतात.

इंजिन चार महिन्यांनी सुरू करताना काय क्रम ठेवावा?

तेल जूनमध्येच बदललेलं असावं. वापरलेल्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं आणि ते महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहतं. आता पट्टे, नळ्या, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवा.

खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) ठेवणीच्या वेळी काढून ठेवावा, नाहीतर त्याची पाती एकाच बाजूला वाकून बसतात. नवीन बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्यांच्या साबणाचं पाणी लावा. खनिज तेलाचं ग्रीस रबराला मारतं. जुन्याची पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिझेल फिल्टर बदला, पाणी वेगळं करणारी काचेची वाटी रिकामी करा आणि तळाशी काळपट चिकट गाळ आहे का बघा. टाकीत घाम सुटून पाणी जमतं आणि त्या पाण्यावर जंतू वाढतात. म्हणून जूनमध्ये टाकी काठोकाठ भरून ठेवावी. मग फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत क्रमानं हवा काढा.

जमिनीवर चाचणी घ्यायची तर पंपाची नळी बादलीत सोडून दुसऱ्या माणसाला बादली भरत ठेवायला सांगा. आणि हे नीट लक्षात ठेवा: इंजिन सुरू न होता स्टार्टर फिरवत राहिलात, तर पंप सायलेन्सरमध्ये पाणी भरत राहतो. तिथून ते मागे सिलिंडरमध्ये शिरतं. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही तर पाण्याची झडप बंद करा, लागल्याबरोबर उघडा. सुरू झाल्यावर आधी मागे वाकून धुराबरोबर पाणी बाहेर पडतंय का ते पाहा, मग इतर सगळं.

लहान होडीच्या आउटबोर्डचं (मागे बाहेरून लावायच्या इंजिनचं) पेट्रोल मात्र ठेवूच नका. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि मग पाण्यासकट तळाला वेगळं बसतं. कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवा आणि नव्या पेट्रोलवर सुरू करा.

बॅटऱ्या बेळगावला घरी आणाव्यात का?

लेड-ॲसिडच्या असतील आणि यार्डात सोलर किंवा चार्जर भरवशाचा नसेल तर आणाव्यात. आम्ही आणतो. उष्णतेत त्या आपोआप लवकर उतरतात, आणि उतरलेल्या राहिल्या की प्लेटांवर कडक थर बसतो. बेळगावची हवा त्यांना मानवते. पूर्ण चार्ज करून काही तास तशाच ठेवल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्म्या. लिथियमच्या असतील तर उलटं करा: निम्म्या चार्जवर ठेवा, पूर्ण भरून नको.

डोलकाठी उभीच होती. तिला धरून ठेवणाऱ्या तारा वर चढून बघायच्याच का?

बघायच्याच. दुर्बिणीनं भागत नाही. बसायच्या झुल्यात चढा, दोन वेगवेगळ्या दोऱ्यांवर, आणि खाली वर बघणारा माणूस ठेवा. तारेवरून कापसाचा बोळा ओढा. जिथे तंतू अडकेल तिथे एक धागा तुटलेला आहे. दाबून बसवलेल्या टोकांशी गंजाची रेघ आणि केसासारखी भेग शोधा. तिथे भिंग वापरा. डेकमधून खाली जाणाऱ्या पट्ट्या, ज्यांना तारा बांधलेल्या असतात, त्या डेकच्या जाडीत जिथे दिसत नाहीत तिथेच कुजतात. स्टेनलेसला हवा लागली नाही आणि खारं पाणी साचलं तर ते आतून खातं. दर काही वर्षांनी एकेक पट्टी काढून पाहा.

तारांचं वय दहा-बारा वर्षं धरतात. आपल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत मी दहाच धरतो. पैसे लागतात हे खरं, पण मोकळ्या समुद्रात डोलकाठी पडली तर ती तुटक्या तारांसह बोटीच्या कुशीवर आपटत राहते आणि फायबर फोडते.

शिडं ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेता येतील का?

कव्हर आणि सावलीचं कापड खुशाल घ्या. आपल्या ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्यांची शिलाई मजबूत असते. फक्त धागा उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचा द्या, सुती नको. शीड मात्र त्याच्या फुगीरपणासाठी कापलेलं असतं, ते शीडवाल्याकडेच जावं. घरी तुम्ही करायचं एवढंच: गोड्या पाण्यात धुणं, गच्चीवर सावलीत वाळवणं आणि नखानं शिवण ओढून बघणं. धागा पटकन तुटला तर उन्हानं तो जळलेला आहे. मीठ राहिलं तर कापड पावसाळाभर ओल ओढत राहतं आणि बुरशी धरतं. गाद्यांचंही तसंच.

पिण्याच्या पाण्याची टाकी कशी साफ करावी?

हा प्रश्न सहसा घरच्या बाई विचारतात आणि तो अगदी योग्य आहे, कारण बोट हे घर आहे. आधी गाळणीतला कोळसा काढून ठेवा. पाच टक्क्यांचं साधं, वास न घातलेलं ब्लीच घ्या, लिटरला एक मिली. म्हणजे दोनशे लिटर टाकीला दोनशे मिली. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, काही तास तसंच ठेवा, सगळं काढून टाका आणि वास जाईपर्यंत टाकी पुन्हा पुन्हा भरून रिकामी करा. ॲल्युमिनियमची टाकी असेल तर हे पाणी रात्रभर ठेवू नका.

गॅसचं काय?

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जातो, पण बोटीत बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट पाहतो. नळी आणि रेग्युलेटर यांवरची तारीख बघा, सांध्यांना साबणाचा फेस लावा, सिलिंडरच्या पेटीचा निचरा बोटीबाहेरच जातो याची खात्री करा.

सुरक्षेचं सामान आणि कागदपत्रं?

फ्लेअरची (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्यांची) मुदत साधारण तीन वर्षं असते. आपोआप फुगणारी जॅकेटं तोंडानं फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी घट्ट असली पाहिजेत. व्हीएचएफ रेडिओवर वाहिनी १६ वर बोलून पाहा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चार्टटेबलवर (सागरी नकाशे पाहायच्या टेबलावर) मोठ्या अक्षरात लिहा. नोंदणी, विमा, रेडिओचा परवाना बोट पाण्यात उतरवण्याआधी चालू असावेत. बोट उतरवतानाच्या क्रेनच्या कामाला विमा लागू आहे का, हेही विचारून घ्या.

प्रत्यक्ष उतरवण्याच्या दिवशी आपण कुठे उभं राहायचं?

बोटीत, खाली, हातात विजेरी घेऊन. आपल्याकडे उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. त्यामुळे यार्डवाले अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस देतात आणि भरतीची वेळ टळू नये म्हणून घाई करतात. तुम्ही घाई करू नका. बोट पाण्यात टेकली की, क्रेनचे पट्टे ढिले व्हायच्या आधी सातही झडपा, ग्लँड, सुकाण्याचा दांडा, लॉगची (वेग मोजायच्या यंत्राची) नळी कोरडी आहे का ते हात लावून बघा. एके वर्षी आमच्या बोटीच्या लॉगच्या जागी बूच उलटं बसवलेलं निघालं. बोट अजून पट्ट्यांत होती, म्हणून दहा मिनिटांत वर घेऊन बसवता आलं. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा: “दादा, मी हात वर केल्याशिवाय पट्टा सोडू नका.”

मग लगेच कारवारला निघायचं का?

आधी तीन रात्री नदीतच नांगरावर राहा. स्वयंपाक करा, संडास वापरा, शिडं चढवून उतरवा, इंजिन दोन तास भाराखाली चालवा. बिल्जमधल्या पाण्याच्या रेषेला खडूनं खूण करून झोपा आणि पहाटे उठून ती बघा.

मुरगावहून कारवार सुमारे चाळीस सागरी मैल. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, जाताना तो पाठीशी असतो आणि प्रवास सुखाचा होतो. येताना तोच तोंडावर येतो. म्हणून परतताना पहाटे मतलई वाऱ्यावर, जमिनीकडून येणाऱ्या त्या हलक्या झुळकेवर, निघावं आणि दुपारपर्यंत जमेल तितकं अंतर कापावं. अंजदीव बेट आणि त्याच्या दक्षिणेचा भाग नौदलाचा आहे, तिथून लांबून जा. रात्री किनाऱ्यालगत मासेमारीची जाळी असतात आणि सगळ्यांवर दिवे नसतात, त्यामुळे पहिली सफर उजेडी संपेल अशी आखा. नांगर टाकताना खोलीत भरतीचं चढणारं पाणी आणि बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची धरा. त्याच्या पाचपट साखळी सोडा. साखळीचं आतलं टोक बोटीला दोरीनं बांधा, शॅकलनं (लोखंडी कडीनं) नको, म्हणजे वेळ आली तर चाकूनं कापता येतं.